पर्लबाईंचा वाडगा

श्री
किंग्स्टन, जमैका
२४ ऑगस्ट १९८८

ती. गं. भा. अक्कास,
बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि जवसाच्या चटणीचं पुडकं मिळालं. कस्टमवाल्यांनी पुडकं फोडून हुंगलं आणि घाईघाईनं परत बांधून दिलं.

माझी शाळा बरी चाललीय. इथली मुलंही गणिताला भितात, त्यामुळं परकं वाटत नाही. घराच्या नळाला दिवसभर पाणी असतं, वीज जात नाही, बटण दाबलं की सगळं हजर. हे मी तुला प्रत्येक पत्रात लिहितो, पण उषाला त्याचं बिलकुल कौतुक नाही. ती म्हणते, नळाशी काय बोलू? लग्न होऊन इथं आल्याला वर्ष होत आलं, तरी तिची कुणाशी ओळख नाही. शेजारी मिस पर्ल नावाच्या वयस्क बाई एकट्या राहतात, लोकांचे कपडे शिवतात. त्यांनी पहिल्याच महिन्यात कुंपणावरून सांगितलं की तुमच्या फोडणीचा वास माझ्या गिऱ्हाइकांच्या कापडाला लागतो. तेव्हापासून उषानं त्या बाजूची खिडकी उघडलेली नाही.

आता ती म्हणते की मला मंठ्याला अक्कांकडं पाठवून द्या, आणि परत बोलावू नका. रागानं म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाली, म्हणून मी घाबरलोय. माझा इथला करार अजून दोन वर्षांचा आहे. काय करू ते लिही. तुझा शब्द ती मोडत नाही. माझा तिला ऐकू येत नाही.

लोभ आहेच, त्यात थोडा राग मिसळलास तरी चालेल.

तुझा,
बद्री


श्री
मंठा
१६ सप्टेंबर १९८८

चि. बद्रीनाथ यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

परवा रेडिओवर तुमच्या बेटाचं नाव ऐकलं. फार मोठं वादळ झालं, एवढं सांगून बातम्या क्रिकेटकडं वळल्या. मी तशीच पोस्टात गेले आणि तार केली. तिथल्या बाबूनं जमैका कुठल्या जिल्ह्यात येतं म्हणून विचारलं. तुम्ही दोघं सुखरूप आहात असं धरून लिहिते आहे. दुसरं काही धरायची माझी तयारी नाही.

उषाला पाठवून दे. नवऱ्यानं टाकली म्हणून गाव बोलेल. बोलू दे, गावाला माझ्या दारावरूनच जावं लागतं. पोरगी तिथं सुकून जाण्यापेक्षा इथं माझी बोलणी खात राहील. मधली खोली झाडून घेतलीय, वरकामाच्या आपल्या संपतला चुना द्यायला सांगितलाय.

खरं सांगू? शाळेतून रिटायर झाल्यापासून या घरात बोलायला मलाही कुणी नाही. शेजारच्या तुळजाबाईशी नालीच्या पाण्यावरून भांडण झालं, तेव्हापासून बोलणं बंद. तिचं एक पातेलं माझ्या फळीवर पडून आहे, ते नेऊन देणार कोण? कधी वाटतं, घर विकून जालन्याला जावं. उषा आली तर हा विचार सोडून देईन.

खुशाली कळव. ती येईपर्यंत मी जेवते आहे, पण चव लागत नाही.

अक्का


श्री
किंग्स्टन
९ ऑक्टोबर १९८८

ती. गं. भा. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी आलं, तार नंतर. आम्ही सुखरूप आहोत. आमचं छप्पर टिकलं. पर्लबाईंचं उडालं आणि आमच्या अंगणात येऊन पडलं. वर्षभर न बोलणाऱ्या शेजारणीकडून आलेली ही पहिली भेट.

तेव्हापासून शहरात वीज नाही, नळाला पाणी नाही. ज्या बटणांची मी तुला इतकी वर्णनं लिहिली, ती अजूनही सवयीनं दाबून बघतो. पावाला रांग, बर्फाला रांग, रॉकेलला रांग. रांग दिसली की मी आधी उभा राहतो आणि कशाची ते मागाहून विचारतो. काल उन्हात उभा राहून पुढं पोचलो, तर ती छपराच्या पत्र्यांची निघाली. तुमचं छप्पर शाबूत आहे ना, असं विचारून मला हाकलून दिलं. छप्पर टिकल्याचं वाईट वाटावं असे दिवस आलेत.

उषानं मात्र आदल्या संध्याकाळीच घरातली सगळी भांडी, बादल्या, माझी शाळेची थर्मासची बाटलीसुद्धा पाण्यानं भरून ठेवली होती. टेंभुर्णीच्या दुष्काळात वाढलेल्या मुलीला पाणी भरायला वादळाचं कारण लागत नाही. मग तिनं अंगणात तीन विटांची चूल मांडली. पर्लबाई ताडपत्रीखाली राहतात. त्यांनी धूर पाहिला आणि वाऱ्यानं पडलेलं एक फळ चिरून, निळ्या काठाच्या तामचिनीच्या वाडग्यात घालून, कुंपणावरून दिलं.

इथून माझं दिवाळं निघालं. शेजारणीचं भांडं रिकामं कसं परत द्यायचं म्हणून उषानं त्यात साखर घालून पाठवली. साखर शहरात मिळत नाही, अक्का. दुसऱ्या दिवशी वाडगा परत, त्यात डब्यातलं आटवलेलं दूध. मग आमच्याकडून तांदूळ. मग त्यांच्याकडून खारवलेला मासा. उषानं नाकाला पदर लावून तो मला वाढला, वाडगा राखेनं घासून काढला आणि आमच्या शेवटच्या दोन मेणबत्त्या त्यात ठेवल्या. मी म्हणालो, टंचाईत एकदा रिकामा दिला तर काय होतं? तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी अंधारातच जेवलो.

पण यावरून तू काही धरून चालू नकोस. दोघींचं बोलणं नाहीच. वाडगा जातो, वाडगा येतो, एवढंच. तिची बॅग भरलेली आहे. पाच नोव्हेंबरचं तिकीट मिळालंय. मी तिला थांब म्हणालो नाही. म्हणायला तोंड नाही.

लोभ ठेव, इथं सध्या तेवढाच रांगेशिवाय मिळतो.

बद्री


श्री
मंठा
२९ ऑक्टोबर १९८८

चि. बद्रीनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र संपतला मोठ्यानं वाचून दाखवलं. वीज नाही, पाणी नाही, रॉकेलला रांग. सगळं ऐकून तो म्हणाला, बराबर आहे, पर ह्याच्यात वादळ कुठं आलं? आम्ही दोघांनी कंदिलाची वात वर केली आणि पुढचं वाचलं.

खोली पांढरी शुभ्र झालीय. दिवाळी उषाची इथंच होईल. दाण्याचे लाडू करून डबा भरून ठेवलाय आणि त्याला हात लावायला संपतला बंदी आहे. मलाही आहे, पण मी दोन खाल्ले.

तुझी काळजी वाटते. एकटा पडशील. पण तुला बटणं आहेत.

अक्का


श्री
किंग्स्टन
७ नोव्हेंबर १९८८

ती. गं. भा. अक्का यांना,
सौ. उषाचा शि. सा. न. वि. वि.

यांनी तार केली आहे, ती मिळाली असेल. मी आले नाही. का आले नाही हे यांना समजलेलं नाही, म्हणून हे पत्र मी लिहिते.

शनिवारी बॅग दारात होती, टॅक्सी फाटकाशी होती, आणि पर्लबाईंचा वाडगा आमच्याकडं होता. घरात त्यात घालायला काही नव्हतं. तुमची जवसाची चटणी मात्र मी जपून ठेवली होती. परत मंठ्यालाच चालले तर ती इथं ठेवून काय करू, म्हणून सगळी वाडग्यात ओतली आणि नेऊन दिली. ज्या बाईला माझी फोडणी सहन होत नव्हती, तिनं बोट बुडवून चाखलं. डोळ्यांत पाणी आलं. वाडगा घेऊन त्या ताडपत्रीखाली गेल्या.

मी टॅक्सीत बसणार तेवढ्यात त्या धावत आल्या. वाडगा परत माझ्या हातात. त्यात पिठाचे तळलेले गोळे, गरम, वर फडकं बांधलेलं. वाटेत खा म्हणाल्या. मी म्हणाले, भांडं? त्या म्हणाल्या, भांडं परत आणून दे की.

अक्का, या गावात मला परत ये असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं. यांनीसुद्धा म्हटलं नव्हतं, हे तुम्हाला सांगते, यांना सांगू नका.

हे म्हणाले, वाडगा घे आणि बस. पण दुसऱ्याचं भांडं समुद्रापार घेऊन कसं जायचं? आणि तिथंच परत द्यायचं, तर रिकामं? मंठ्याला आले त्या पहिल्या आठवड्यात मी तुळजाबाईंचं पातेलं रिकामं नेऊन दिलं होतं. तेव्हा तुम्ही चार बायकांदेखत मला काय बोललात, ते मी विसरलेले नाही. मी पायरीवर बसले. टॅक्सी गेली. ते गोळे आम्ही दोघांनी खाल्ले. हे खाताना रडत होते आणि गोळे तिखट आहेत म्हणत होते. ते गोड होते.

तुम्ही खोली रंगवलीत, वाट बघितलीत. मला माफ करा. काल ती खिडकी उघडली.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
उषा


श्री
मंठा
४ डिसेंबर १९८८

चि. सौ. उषास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तार ऐन पाडव्याला आली. उषा येत नाही, कारण वाडगा. तुझा नवरा गणिताचा मास्तर, एक शब्द जास्त घालायचा नाही. तुझं पत्र येईपर्यंत संपत आणि मी वाडग्याचाच विचार करत होतो. संपतचं म्हणणं, तो कुणीतरी कुणाच्या डोक्यात घातला असणार.

मला वाईट वाटलं. फार वाट बघितली होती तुझी. माझीच बोलणी तुला तिथं अडवून बसली, म्हणून स्वतःचा रागही आला. मग हसू आलं. शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण माझं शिकवलेलं एवढं मनावर कुणीच घेतलं नव्हतं.

तुझं पत्र वाचून झाल्यावर फळीवरच्या पातेल्याकडं लक्ष गेलं. तुला चार बायकांदेखत बोलणारी मी, आणि दुसऱ्याचं भांडं दाबून बसलेलीही मीच. मग ते घासलं. लाडवांचा डबा त्यात पालथा केला आणि तुळजाबाईच्या दारात जाऊन उभी राहिले. तिनं पातेलं घेतलं, लाडू मोजल्यासारखे बघितले, आणि दार लावून घेतलं. मी मनात म्हटलं, चला, सुटले. आता जालन्याला जायला मोकळी.

दिवेलागणीला ती स्वतः आली. पातेलं काठोकाठ भरलेलं, वांग्याचं भरीत, वर भाकरी. म्हणाली, मास्तरीनबाई, लाडू कडक झाल्ते, पर खाल्ले.

ते पातेलं आता घासून परत माझ्याच फळीवर ठेवलंय. उद्या त्यात काय घालावं हे सुचत नाही. आता मलाही कुठं जाता येणार नाही.

पर्लबाईंना माझा नमस्कार सांग. चटणीचं पुडकं वेगळं पाठवते आहे. दोन केलेत, एकावर त्यांचं नाव घातलंय.

अक्का