पोरगी पळाली!

३ जून, सोमवार

पोरगी पळाली! सुनेला फोनवर एवढंच म्हटलं, तर तिकडून किंकाळी — “कोणाबरोबर?” अगं बाई, बूट घालून! व्यायामाला! तिच्या हातून कप फुटला म्हणे. निळ्या काठाचा. चांगला होता.

पोरगी म्हणजे माझी नात. शाळेत वाऱ्यासारखी पळायची, बक्षिसाचे पेले अजून मुलाच्या कपाटावर आहेत. मग गांडुळांचा अभ्यास करून डॉक्टर व्हायचं ठरवलं. झाली! पण त्या गांडुळांपायी पळणं सुटलं ते सुटलंच. आता नोकरीसाठी या नव्या गावात आलीय आणि घडी बसेपर्यंत मी सोबतीला. घरी असली की नुसत्या येरझाऱ्या. खुर्चीत बसली तरी पाय हलतोय. शेवटी मीच बूट शोधून दारात ठेवले. आज घातले!

४ जून, मंगळवार

आजही गेली. गाल लाल, केस ओले! “आली गं माझी हरणी!” म्हणून दारातच नाचले. गुडघा दुखला, दुखू दे.

इथली फडताळं इतकी उंच की मिठाला स्टूल लागतं. कुण्या ताडमाडानं बांधलंय हे घर!

६ जून, गुरुवार

धुवायला मोजे घेतले आणि हुंगले. जुनी खोड. ह्यांचे हुंगले की कळायचं, स्वारी कामावर होती की पत्ते कुटत होती. नातीचे मोजे कोरडे ठाक. साबणाचा वास!

दिवसभर चैन नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. “आजी, भाजी मस्त झालीय,” म्हणाली. म्हणजे जेवणातही लक्ष नाही!

मुलाचा फोन — “आई, कधी येतेस?” म्हटलं, हिची घडी बसू दे.

७ जून, शुक्रवार

मागोमाग गेले, झाडाआड उभी राहिले. बागेत शिरली आणि बाकावर बसली. नाडी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. मग नळावर डोकं भिजवलं, गालांवर चापट्या मारल्या आणि निघाली घरी!

माझ्यासाठी गं हे सगळं. मी दारात नाचते ना, म्हणून.

आडवाटेनं आधी घर गाठलं, तवा ठेवला. पोळ्या मात्र करपल्या.

८ जून, शनिवार

आज तिच्याआधी बाक गाठला. एकीकडे पिशवी, एकीकडे शाल, मधे मी — ऐसपैस!

“आजी! तू इथे?”

“जागा नाही. पळ.”

हसेल वाटलं, तर डोळेच भरले तिचे. “दम लागतो गं. त्या खांबापर्यंतसुद्धा जात नाही. पूर्वीची मी पुढे निघून जाते आणि मी राहते मागे.”

“जाऊ दे की तिला! तिला गांडुळातलं काय कळतंय? तू ये मागून. गांडुळासारखी.”

“गांडूळ पळत नाही, आजी.”

“पण घरी जाताना नळावर डोकं भिजवतं का?”

जीभ चावली बाईनं! मग गेली. थोडी पळाली, थोडी चालली, खांबाला हात लावून आली आणि घामासकट माझ्या अंगावर कोसळली. शी! काय घाण वास! काय सांगू किती बरं वाटलं!

९ जून, रविवार

पाय धरलेत. “आजी, जिना नको वाटतो!” मी तेल चोळतेय आणि हसतेय.

१२ जून, बुधवार

बाकावरून बघत होते. खांब मागे पडला, तळं मागे पडलं, वळणाआड गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही!

सुनेला फोन लावला — पोरगी पळाली! “कोणाबरोबर?” आता तीही हसतेय. म्हटलं, एकटीच. माझं तिकीट काढ.