धडधाकट माणसाची चाकाची खुर्ची

॥ श्री ॥

नोएडा, सेक्टर ६२
डिसेंबर २००७

तीर्थस्वरूप द्वारकाअक्कास,

धाकट्या विश्वासचा कंबरेतून पुरता वाकून नमस्कार. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. थंडी अशी पडली आहे की आंघोळीला जाताना माणूस घरच्यांचा निरोप घेऊन जातो. तुझ्या खुब्याचं कसं आहे? वॉकर वापरतेस का, की त्यावर नुसते पंचे वाळत असतात? (खोटं लिहू नकोस. शेजारची पद्मजा मला फोनवर सगळं सांगते.)

तुझं पत्र मिळालं. तेजश्रीच्या लग्नाला येणार नाहीस, असं चार ओळींत कळवून मोकळी झालीस. गाडीचा इतका लांबचा प्रवास बसून झेपणार नाही, हे कबूल. विमानानं यायचं तर चाकाच्या खुर्चीत बसावं लागेल, आणि ‘मला हातगाडीवरच्या केळ्यांसारखं ढकलत नेणार आणि परकी माणसं बघत राहणार, ते मला या वयात सोसायचं नाही,’ असं तू लिहिलंस. विजयानं पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला. तेजश्री म्हणाली, आत्या नसेल तर मी बोहल्यावर चढत नाही. सगळ्या सुट्ट्या तुझ्याकडं कऱ्हाडला काढलेली पोरगी ती. हट्टही तुझाच उचलला आहे. म्हणजे आता हॉल ठरलेला, आचारी ठरलेला, आणि नवरी तुझ्यावर अडलेली.

मी तुला उपदेशाचं पत्र लिहायला बसलो होतो. ‘लोकांकडं लक्ष देऊ नये’ इथवर आलो आणि पुढं हात चालेना. कारण गेल्या महिन्यात त्याच खुर्चीत मी बसून आलो आहे. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुझ्याकडं अक्षत घेऊन आलो तेव्हा मी गप्प गप्प होतो आणि तू सारखी विचारत होतीस, पित्त झालंय का. अक्का, ते पित्त नव्हतं.

त्याचं असं झालं. आमचा सुजय हल्ली सगळं इंटरनेटवर करतो. आमंत्रणं करायला पुण्याला जायचं म्हणून त्यानं आमची तिकिटं काढली आणि दोघांच्याही नावापुढं व्हीलचेअर ठोकून दिली, मला न विचारता. (विचारलं होतं. मी पेपर वाचत होतो आणि ‘हं’ म्हणालो.) आमच्या सोसायटीत ही रीतच पडली आहे. तिकिटं स्वस्त झाल्यापासून विमानाला एस.टी.सारखी गर्दी असते, आणि मुलांना आईबापांना सोडायला यायला ऑफिसातून सवड नसते. म्हणून आईबापांच्या नावानं खुर्ची मागवायची. रांग नाही, गेट शोधणं नाही, कुणाशी इंग्रजी बोलणं नाही, आणि वर सामानाला माणूस. सकाळी पार्कात माझ्या पुढं पळणारे म्हातारे विमानतळावर पोचले की त्यांचे पाय जातात. समोरच्या फ्लॅटमधले बन्सलजी म्हणाले, “बिल्कुल फ्री है भाईसाहब, छोड़ना क्यों?” फुकट म्हटल्यावर आपल्या घराण्याचं काय होतं ते तुला मी सांगायला नको.

विजया बसली नाही. “मला काही झालेलं नाही,” एवढंच म्हणाली आणि बेसनाच्या लाडवांची पिशवी घेऊन बाजूनं चालू लागली. (घरात टाचा खरोखर दुखतात त्या तिच्याच.) मी बसलो. आणि अक्का, तुझ्यापासून काय लपवू, मला फार बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून माझ्यासाठी कुणी बाजूला झालेलं नव्हतं. इथं लोक ट्रॉल्या ओढून घेत होते, आपल्या पोरांना मागं खेचत होते, ‘अंकल को जाने दो’ म्हणत होते. मला वाटलं, या सगळ्यांची निराशा करू नये. म्हणून मी डावा पाय जरा आत वळवून ठेवला आणि चेहरा सोसणाऱ्या माणसासारखा केला. ऑफिसात रजेच्या अर्जाच्या वेळी करायचो, तोच.

ढकलणारा माणूस मला काउंटरपाशी लावून विजयाबरोबर सामान द्यायला गेला, तेवढ्यात शेजारी एक पंजाबी बाई आल्या. माझ्या मिशांकडं पाहिलं, पायाकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, “फ़ौज में थे, भाईसाहब?” मी मान हलवली. ती का हलवली हे मी त्या दिवसापासून रोज स्वतःला विचारतो आहे. उभा जन्म मी पेन्शनच्या खात्यात काढला. लढाई पाहिली ती फक्त वरच्या आणि खालच्या कारकुनांची. पण मान हलली, आणि खालीवर हलली. त्या बाईंनी लगेच आपल्या मुलीला पुढं केलं आणि तिला मला नमस्ते करायला लावलं. मी आशीर्वादही दिला.

त्या मुलीच्या डोक्यावर हात असतानाच मला खांबाला टेकून उभे असलेले सुभेदार गुलाबराव दिसले.

गुलाबराव म्हणजे आपल्या होणाऱ्या जावयाचे आजोबा. साखरपुड्याला तू आली नव्हतीस, म्हणून सांगतो. पासष्टच्या लढाईत सुरुंगावर त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मुलगाही फौजेतच आहे, त्याच्याकडं दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये असतात. वय बहात्तर. बसवलेल्या पायावर ते इतके ताठ चालतात की साखरपुड्याला मला बराच वेळ कळलंच नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी अंगाचा सगळा भार खांबावर टाकला होता आणि कपाळाला घाम होता. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात नवा पाय करून घ्यायला निघाले होते, कारण जुना आता काचून काचून जखम करत होता.

शहाण्या माणसानं अशा वेळी तोंड फिरवलं असतं, रुमाल आडवा धरला असता, निदान तो बसून तरी राहिला असता. पण मुलीचा बाप मी, आणि समोर वरपक्षातलं सर्वांत वडील माणूस. आपल्या बाबांनी लहानपणापासून पाठीत धपाटे घालून जे वळण लावलंय ते डोक्याला विचारत नाही. मी ताडकन उठलो, त्या बाईंची सूटकेस ओलांडली, लगबगीनं चालत गेलो आणि कंबरेतून पुरता वाकून गुलाबरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. दोन्ही पायांवर. मग ताठ उभा राहिलो.

मागं एवढं सामसूम झालं की लाउडस्पीकरवरची बाई स्पष्ट ऐकू येऊ लागली. मग माझ्या पंजाबी बाई म्हणाल्या, “हाय रब्बा! ये तो चल पड़े!” आधी त्यांना चमत्कार वाटला. मग तो वाटेनासा झाला आणि त्यांनी मुलीला आपल्या बाजूला ओढून घेतलं. तेवढ्यात ढकलणारा माणूस परत आला. त्यानं रिकामी खुर्ची पाहिली, मला पाहिलं, आणि गुलाबरावांना म्हणाला, “बाबूजी, मैंने कहा था ना, खाली होगी तो लाऊँगा। ये लो, हो गई।”

तेव्हा मला कळलं, अक्का. विमान कंपनीकडं खुर्च्या मोजक्याच. (कंपनीचं नाव घेत नाही, पुढची तिकिटंही त्यांचीच आहेत.) आमच्यासारख्या सोसायट्यांतले सगळे ठणठणीत त्यांत बसलेले, आणि एक पाय असलेला माणूस खांबाला टेकून माझी खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत होता. फौजी म्हणून नमस्ते मात्र मी घेतला होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. तिथं चकचकीत फरशी होती, आणि तिच्यात माझंच तोंड दिसत होतं.

मी गुलाबरावांना काहीतरी पुटपुटलो. काय, ते इथं लिहायचा मला धीर नाही. ते “असं होय,” म्हणाले. मग ते खुर्चीत बसले. कसे बसले ते मात्र तुला सांगतो. कुणाकडं न बघता, चेहरा न पाडता, आपल्या घरच्या ओट्यावर बसावं तसे. ढकलणारा माणूस दुसऱ्या कुणाला तरी आणायला पळाला होता. मी मूठ धरली आणि ढकलू लागलो. विजया बाजूनं चालतच होती. तिनं लाडवांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

तपासणीपाशी पाय काढून द्यावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. तो जवान बिचारा आमच्या सुजयपेक्षाही लहान होता, त्यालाच बोलायला जड जात होतं. गुलाबरावांनी विजार वर केली, पट्टे सोडले आणि पाय काढून माझ्या हातात दिला. बुटासकट. बूट पॉलिश केलेला. मागं रांग होती आणि मी तो पाय दोन्ही हातांत धरून उभा होतो, तो ट्रेमध्ये आडवा ठेवायचा की उभा हे न कळून. शेवटी तो कुणाच्या तरी लॅपटॉपच्या आणि एका लाल पर्सच्या मधून यंत्रात गेला. गुलाबराव त्या पोराला म्हणाले, “संभाल के बेटा, सरकारी माल है।” पोरगा हसला, रांग हसली. मला हसू येईना. जखमेवरची पट्टी मी पाहिली होती, ती ओली होती.

विमानापाशी शिडी होती. दोघा हमालांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाले, “राहू द्या विश्वासराव, तुमचे गुडघे सांभाळा.” आणि वर जाईपर्यंत ते त्या हमालांना गाव विचारत होते.

पुण्यात उतरलो तेव्हा आमच्या विमानातले बहुतेक अपंग बरे झाले होते. बॅगा काढून भराभर चालते झाले. शिडीखाली एकच खुर्ची लागली, गुलाबरावांची.

तर अक्का, लोक बघतात, हे तुझं खरं आहे. माझ्याकडं सगळ्यांनी पाहिलं, आणि बघण्यासारखंच होतं. गुलाबरावांकडं कुणी पाहिलं असेल तर त्यांनी ते ध्यानात घेतलं नाही. तुझ्यासारखी बाई, जिनं चाळीस वर्षं वर्ग गप्प बसवला, ती चार अनोळखी माणसांना घाबरून भाचीचं लग्न चुकवते, हे मला पटत नाही. बघ, झालाच उपदेश.

पद्मजाला आठवणीनं नमस्कार सांग, तिच्या मांजराला नाही सांगितलास तरी चालेल. उत्तराला उशीर लावू नकोस, तेजश्री रोज टपालपेटी उघडते.

तुझा,
विश्वास

ता. क. मी तुला न्यायला येतो आहे. तिकिटं काढली. माझ्या नावापुढं काही लिहायचं नाही, असं सुजयला समोर बसून बजावलं आणि या खेपेला पेपर बाजूला ठेवला होता. खुर्ची मीच ढकलणार. मला सवय झाली आहे.

आणखी ता. क. मी गुलाबरावांना काय पुटपुटलो ते सांगायला हवं, नाहीतर घोटाळा होईल. मी म्हणालो, आमच्या घराण्यातच गुडघे वाईट, अधूनमधून अचानक धरतात आणि अचानक सुटतात. आणि घाईघाईत पुढं म्हणालो की माझी थोरली बहीण तर लग्नाला खुर्चीतूनच येणार आहे. परवा त्यांचा फोन आला होता. म्हणाले, मांडवात पहिल्या ओळीत तुमच्या अक्कांची खुर्ची माझ्या शेजारी लावा, दोन थकलेली माणसं गप्पा मारत बसू. आणि वर म्हणाले, “त्या आल्या म्हणजे तुमच्या घराण्याच्या गुडघ्यांची खात्री पटेल.” त्यांना सगळं कळलेलं आहे, अक्का. तू आली नाहीस तर व्याह्यांच्या घरात मी जन्माचा खोटारडा ठरतो. म्हणजे उपदेश सगळा खरा असला तरी पत्र मुळात यासाठी होतं.

शेवटचा ता. क. वरचंही सोडून दे. खोटारडा ठरलो तर ठरेन, आहेच मी. पण लाजेची वाटणी आपल्या दोघांत कुणीतरी फार वाईट केली आहे. मी जिथं शरमायला हवं होतं तिथं पाय वळवून ऐटीत बसलो, आणि तुझं काही चुकलेलं नसताना तू मोडक्या हाडासाठी तोंड लपवून घरात बसली आहेस. तुझ्या वाट्याची सगळी मला दे. तू नुसती ये.