खळ्यातून गेलेली शेवटची फेरी

मी, दामाजी कान्हा मढवी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार आंबिवलीजवळचा आमचा पाडा, गुडघे मोडीत निघाले असले तरी डोके जागेवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. आधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती.

१. राहते घर पत्नी सरस्वती हिचे. तिच्या हयातीत स्वयंपाकघरातल्या लाद्या बदलायचा विषय कोणी काढू नये.

२. मानपाड्याचे गॅरेज मुलगा हितेश याला. हत्यारे मात्र नात प्राप्ती हिला, कारण हितेशकडे पाना मागितला की तो पक्कड देतो.

३. शर्यतीच्या ट्रॅकमधली माझी बावीस गुंठे जमीनही प्राप्तीला. अट एकच. भात कापल्यावर बांध सपाट करून दर माघात तिथे मोटरसायकलच्या शर्यती होऊ द्याव्यात. आता घोडबंदर रोडच्या टॉवरमधूनही पोरे शर्यतीत उतरायला येतात, म्हणून इतिहास नोंदवून ठेवतो. १९७८ साली आम्ही ट्रॅक आखला तेव्हा तो गोल होणार होता. पण ज्याने ज्याने जमीन नाकारली त्याला वळसा घालावा लागला आणि सात वळणे झाली. नदीकाठचा सरळ पट्टा सगळ्यांनी हसत दिला, तिथे काही पिकत नव्हते. चौथे वळण सर्वांत अवघड, ठमाबाईच्या खळ्याभोवतीचे. तिने आम्हाला बजावले होते, "माझे खल्यान चाक घातला तं तंगरी मोरीन."

४. १९८९ चा कप. हे कलम लिहायला मला पस्तीस वर्षे लागली. शेवटच्या फेरीत ठाण्याचा व्हॅलेरियन मिस्किटा, माझा जिवाभावाचा दोस्त, पुढे होता. चौथ्या वळणावर पेंढ्याची उडवी रचलेली, पलीकडचे लोकांना दिसत नव्हते. मी वळण घेतलेच नाही. गाडी सरळ खळ्यातून काढली आणि चाकभर अंतराने जिंकलो. व्हॅलेरियनने विचारले, "दाम्या, तू मागे होतास, पुढे कसा आलास?" मी गावदेवीची शपथ घेतली. तो निघून गेला आणि पुन्हा माझ्याशी बोलला नाही.

ठमाबाईने मात्र पाहिले होते. तिने तंगडीही मोडली नाही आणि तोंडही उघडले नाही. फक्त पुढची एकोणीस वर्षे, ती जाईपर्यंत, दर गुरुवारी मी तिला गाडीवर मागे बसवून कल्याणच्या बाजारात नेत होतो. लोक मला सज्जन म्हणत.

तो कप मी व्हॅलेरियनला देतो. तो त्याचाच आहे. मला माझी लाज वाटते, आणि त्याची फार आठवण येते.

५. चौथे कलम समोर वाचून दाखवायला आज सहीच्या वेळी त्याला बोलावले आहे. येईल की नाही, देव जाणे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचे मिळणे धोक्यात येते, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून दुसरी सही शेजारच्या नयनची.

वरील मजकूर चष्मा लावून दोनदा वाचला, बरोबर आहे.

स्थळ : आंबिवली
दिनांक : २४ नोव्हेंबर २०२४
(सही) दामाजी कान्हा मढवी

साक्षीदार
१. (सही) दौलत भोईर, शेजारी
२. नयन भोईर हे नाव खोडले आहे. (सही) व्हॅलेरियन मिस्किटा, ठाणे

वकीलबाई नको म्हणत असताना मीच सही केली आहे, म्हणजे कपाचा विषय संपला. तो मिळायला दाम्या मरायची वाट बघावी लागेल, ते मला नको. दाम्या, रविवारी गाडी काढ. शर्यत पुन्हा लावू.