हुंगलेली गुलछडी

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटच्या आठवड्यात मी तुझ्याशी एक खोटं बोलले होते. ते तुला कळायला हवं, असं मला अजून वाटतं.

रोज सकाळी फुलवाला दाराच्या कडीला पुडी अडकवून जातो. मी ती सोडते, फुलं ताटलीत काढते आणि तेवढा वेळ श्वास रोखून धरते. माझी मुलगी हसते. "आई, फुलं आहेत ती, फिनेल नाही." देवावर माझी श्रद्धा किती, हे मलाच नीट ठाऊक नाही. कित्येकदा पूजा घाईत उरकते. पण पुडी सोडताना मान आपोआप बाजूला वळते, तुझी वळायची तशी.

मळ्यातली गुलछडी तू उजाडायच्या आत तोडायचीस. पाटीत ओलं फडकं, त्यावर कळ्या, वर पुन्हा फडकं. मी नऊ वर्षांची असेन. नदीकाठच्या फुलबाजारात तू पाटी उतरवतेस, कुणाशी तरी बोलायला वळतेस, आणि मी फडकं सारून पाटीत तोंड घालते. तू वेणी धरून मला मागे ओढतेस.

"हुंगलंस?"

"थोडंसंच."

शेजारी झेंडू विकणारी मावशी खो-खो हसते. "लेकीचं नाक बांधून आणत जा गं बाई! अन् वीक की, गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

"त्याला नाय कळत. मला कळतंय ना. देवाला उष्टं कसं घालू?"

ती अख्खी पाटी तू परत आणलीस आणि खताच्या खड्ड्यात ओतलीस.  तू स्वतः कधीच फूल नाकाशी नेत नाहीस, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. जन्मभर फुलांत राहिलीस, पण वारा आणेल तेवढाच वास तुझा.

शेवटी तू दादाकडे अंथरुणाला खिळलीस, जेवण तुटलं. एका संध्याकाळी ऑफिसातून येताना द्वारका चौकात गाडी अडकली, तिथे एका हातगाडीवर गुलछडी दिसली. सुट्या कळ्यांची पुडी घेतली आणि थेट तुझ्या उशाशी आले.

"देवाला वाहिली का गं?" तू विचारलंस. वाहिलेलं फूल म्हणजे प्रसाद, ते हुंगायला हरकत नाही, हा तुझाच नियम. देऊळ गल्लीच्या तोंडाशीच होतं. पाच मिनिटांत जाऊन येता आलं असतं. पण तुझा हात पुडीकडे उचललेला होता.

"हो, वाहिली," मी म्हणाले.

तू ओंजळ चेहऱ्यावर धरलीस. कितीतरी वेळ. मग नवल वाटल्यासारखी म्हणालीस, "लय गोड हाय गं. एवढी वर्षं पिकवली, अन्..."  चौथ्या दिवशी तू गेलीस.

एकच गोष्ट तू कसोशीने पाळली होतीस आणि ती मी तुझ्याकडूनच मोडवली, तुला न कळू देता. पुढे कधीतरी हे वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो ताई, देवाला चालतं सगळं." देवाचं मला विचारायचंच नव्हतं.

हा कागद वहीतच राहील. माफी मागायची म्हणून लिहायला बसले होते. पान भरलं, तरी मागितलेली नाही. तू पुन्हा विचारलंस, तर मी पुन्हा हो म्हणेन.