उसनं पाणी

२० नोव्हेंबर, सोमवार
तेवीसशे! म्हणे अमृतवाहिनी प्रवरा! कृषी खात्याच्या मॅडमनी बंधाऱ्यावरच पाण्यातला खार मोजायचं मीटर बुडवून दाखवलं. कांद्याला दोन हजाराच्या वर खार चालत नाही. आमच्या अर्ध्या एकरातल्या रोपाची टोकं पांढरी पडलीच आहेत. हा कांदा गेला तर मला आणि ह्यांना ऊसतोडीला जावं लागणार. मला नाही जायचं!

पाणी समितीचा ठराव झाला — सलग तीन दिवस दोन हजाराच्या वर आलं, तर धरणाचं आवर्तन, म्हणजे सोडलेलं गोडं पाणी, येताच बंधाऱ्याच्या फळ्या काढायच्या, खारं पाणी खाली सोडायचं. अध्यक्ष सूर्यभाननाना तोंड वाकडं करून बसले. फळ्या काढल्या की त्यांची मोटर कोरडी! मीटर त्यांनी पंचायतीच्या कपाटात कुलपात ठेवलं. रोज सकाळी बाटली मी भरायची, संध्याकाळी सगळ्यांसमोर मोजायची.

२१ नोव्हेंबर, मंगळवार
मॅडम म्हणाल्या, बाटली गार जागी ठेवा. आमच्या पत्र्याच्या घरात गार जागा एकच — देवघर. ठेवली देवापुढं.

संध्याकाळी मोजलं — १९०! झटकून पुन्हा मोजलं. १९०! नाना एवढे हसले की चष्मा खाली पडला. "धनश्री, नदी सुधारली की गं!"

२२ नोव्हेंबर, बुधवार
१८५. पुन्हा तसंच!

२३ नोव्हेंबर, गुरुवार
१८८. नाना नदीची ओटी भरायला निघालेत! मी सकाळी बोट बुडवून चाटलं. खारट. थू! पण कागदावर खोटी मीच.

हे म्हणाले, "मीटर नानांनी फितवलं का काय?" मी भांडले. मग रडले. रविवारी आवर्तन येतंय. फळ्या नाही निघाल्या तर पुढचं थेट जानेवारीत. तोवर कांदा कसला राहतोय!

२५ नोव्हेंबर, शनिवार
सापडलं!!

डबा विसरला म्हणून शेतातून माघारी आले, तर सासूबाई माझी बाटली देवांच्या डोक्यावर ओततायत! कार्तिक ना. देवाला नदीच्या पाण्यानं अंघोळ. गुडघ्यांमुळं त्यांना घाट उतरवत नाही, आणि सून आयतीच नदी आणून देवापुढं ठेवते!

"मग बाटली भरलेली कशी असते?"

"म्या भरती की. फिल्टरच्या जारमधलं. उसनं घेतल्यालं भांडं रिकामं कुनी माघारी देतं व्हय?"

खरंच आहे. ही बाई शेजारणीची साखरेची वाटी परत देतानासुद्धा वर चिमूटभर जास्त घालते. खारं घेतलं, गोडं दिलं — उलट माझ्यावरच उपकार!

"अहो, देवांना खाज सुटली असंल!"

"तरीच. बाळकृष्ण पांढरा पडलाय लई," म्हणाल्या, आणि पदरानं पुसायला लागल्या. मला हसूच आवरेना.

२६ नोव्हेंबर, रविवार
सासूबाईंना धरून समितीपुढं उभं केलं. पंचायतीत हसून हसून लोकांची पोटं दुखली. नवी बाटली नानांनीच स्वतःच्या हातानं भरून आणली. चोवीसशे दहा! नानांचं तोंड बघण्यासारखं झालं.

तरी अडले. "ठरावात तीन दिवस हायेत. हा एकच झाला."

सासूबाई पुढं झाल्या. "पाच दिस ह्याच पान्यानं न्हाऊन द्येव पांढरं पडलं, घासून बी निघंना, त्याचं काय? आनू का बाळकृष्णाला साक्षीला?"

देवाची साक्ष कोण मागणार! दुपारी आवर्तनाचं पाणी पोचलं आणि फळ्या निघाल्या. खारं पाणी गढूळ होऊन खाली धावलं. मी काठावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. लाज नाही वाटली.

२८ नोव्हेंबर, मंगळवार
सातशे! फळ्या परत बसवल्या, गोडं पाणी अडवलं. रोपाला पहिलं पाणी दिलं. हे वाफ्यात बसून गाणं म्हणत होते — इतकं बेसूर, पण म्हणू दिलं. यंदा घरीच! सासूबाईंनी पुरण घातलं.

३० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी माहेराहून धाकट्या भावाचा, कल्याणचा, फोन. आमच्या खालचा बंधारा त्यांचा.

"ताई, परवा आमच्या बंधाऱ्यात एकाएकी खारं पानी आलं. आमाला ठावंच न्हाई, सगळ्या कांद्याला दिलं. रोपानं माना टाकल्यात. तुमच्या पंचायतीत मीटर हाय ना? ये की. कुठनं आलं, तुला लगेच कळंल."