सेलफिशले मार्लिन म्हणणार नाई

हॅवलॉक, अंदमान
१२ फेब्रुवारी २००९

तीर्थरूप बाबा,

तुमच्या अन् मायच्या पायावर इथूनच डोकं ठेवतो. दिवाळीपासून पत्र टाळत होतो, चूक माझीच. तब्येत बरी आहे. मायले सांगजा, मासे नुसते पाहतो, खात नाई.

पण आज डोकं फिरलं! मी ज्या बोटीवर कामाले आहो, तिच्यावर दिल्लीच्या पाहुण्याच्या गळाले सेलफिश लागला. फोटो काढून सोडून दिला. अन् मालकानं धक्क्यावरच्या फळ्यावर लिहिलं, मार्लिन! कारण मार्लिनचं नाव मोठं.

बाबा, दोघाईले भाल्यासारखी चोच असते. पण मार्लिन म्हणजे ओझ्याचा बैल, खांद्यात जाड, पाठीवरचा पंख पुढं उंच अन् मागं एकदम बुटका. सेलफिश म्हणजे शंकरपटाच्या शर्यतीत पळणारा गोऱ्हा, सडपातळ, पाठीवर हे एवढं शीड! आपल्या पांढऱ्याचा खूर बरा झाला काय?

मी पाहुण्यासमोरच बोललो, हा मार्लिन नाई, सेलफिश आहे. मालक म्हणे, "तेरे गाँव में समंदर है क्या?" नाई ना! पण सिंदीच्या बाजारात तुमी दात पाहून म्हाताऱ्या बैलाले जवान म्हणू देत नव्हते, व्यापारी कितीबी चिडो. मंग मी सेलफिशले मार्लिन काऊन म्हणू? मालक उद्यापासून येऊ नको म्हणाला. काळजी करू नका, दुसरी बोट भेटन.

थांबा, दारात कोणी आलं. दिल्लीचा पाहुणाच आहे, हातात फोटो. म्हणते, "भाई, सच बता, मेरी वाली कौन सी थी?"

तुमचा,
धर्मेंद्र