विलासची बधिर बोटं

सांगली, खंडेनवमी, १९९४

आज लिहायला बसले ते माझ्या दिराच्या, विलासच्या, बोटावरच्या फोडामुळे. कुपवाडच्या कारखान्यात पत्र्याने त्याचा पंजा कापला होता. जखम भरली, म्हणून दसरा झाला की पुन्हा पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा राहणार म्हणतो. आज यंत्रांची पूजा करून आला, तेव्हा फोड दिसला. गरम चहाच्या पेल्याने बोट भाजलं आणि त्याला कळलंच नाही.

"वैनी, कातडं बघा की. लय झ्याक भरलंय."

कातडंच बघतात सगळे. कातडीच्या पेशींचं कामच ते, एकीच्या दोन होत खिंडार बुजवायचं. चेतापेशी तशी नाही. तिचा गाभा मणक्यापाशी आणि तंतू पार बोटाच्या टोकापर्यंत. निरोप पोचवायलाच ती घडलेली. तुटलेला तंतू मुंगीच्या पावलाने वाढतो. वाढेल ना? कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले, तरी खात्रीने सांगता येत नाही. तो फोड डोळ्यांपुढून हलत नाही. प्रेसखाली नुसत्या फोडावर भागणार नाही.

शेवटी त्याला डोळे मिटायला लावले आणि बोटात सेफ्टी पिन टोचली.

"टोचा की आता. किती वेळ बसू?" तो हसत म्हणाला.

पिन टोचलेलीच होती. त्याची बायको सुमन शेजारीच उभी होती. त्याने डोळे उघडले आणि रक्ताचा थेंब पाहिला. फार कठोर वागले का मी? असेन.

मग विलास उठला. कामावर जायच्या लुनाची किल्ली खिशातून काढून त्याने सुमनच्या हातात दिली.